व्हय म्हाराजा आणि कमरेची दोरी

मंडळी, आज दमून घरी आलोय. भाची पुलाच्या कामावर इंजिनीअर आहे. तिथल्या सुरक्षेच्या सभेला तिनं मला, जुना माणूस म्हणून, बोलावलं होतं. माईकवर नियम वाचले गेले आणि प्रत्येक नियमाला कामगारांनी हात वर केले. मला एक जुना पूल आठवला.

साठच्या दशकात मालवणजवळ खाडीवर पूल बांधत होते. मी तिथं कारकून. नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं, त्याच्या दर वाक्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं आणि लगेच मी नियमांचा कागद वाचायला घेतला. "उंचावर चढताना कमरेला दोरी बांधावी."

गडी गाऱ्हाण्याच्याच सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

मी खूश. कागद फायलीत लावला.

आठवड्याभरात त्यांच्यातलाच एक गडी, भिकू, परांचीवरून खडकावर पडला. दवाखान्यात मी त्याच्यावरच डाफरलो, "दोरी का नाही बांधलीस?"

तो कण्हत म्हणाला, "दोरी खंय होती?" खरंच, कामावर दोरी कुठे आणलीच नव्हती.

भिकू परत कधी कामावर आला नाही.

आज सभा संपल्यावर भाचीला म्हटलं, "कमरेचे पट्टे दाखव बघू."

"उद्या येतायत, मामा."

वर माणसं चढली होती.

तुमच्याकडे आधी काय येतं हो, दोरी की 'व्हय म्हाराजा'?