बागेतल्या हौदाची उत्तरेकडील भिंत

"हौदाच्या चारही भिंतींचा जुना गिलावा अखंड असून पाणी येण्याचा मार्ग आढळत नाही, सबब हे धान्याचे पेव असावे." आमच्या गावच्या जुन्या बागेविषयीच्या मोजणी अहवालातले हे वाक्य मला साफ अमान्य आहे. पाटबंधारे खात्यात उभी हयात घातलेल्या माणसाला हौद कोणता आणि पेव कोणते, हे कोणी शिकवू नये.

मोजणीसाठी शहरातून तीन तरुण अभियंते आले होते. तिपाईवरचे लेझर यंत्र गोल फिरे आणि बागेतला दगडन्‌दगड संगणकावर उमटे. काम देखणे होते, हे मी नाकारत नाही. परंतु यंत्राला पृष्ठभाग दिसतो, पोटातले दिसत नाही. टेकडीवरच्या झऱ्यापासून खापरी नळ जमिनीखालून हौदात येतो, हे मी त्यांच्या प्रमुख बाईंना बजावून सांगितले.

"कुठं येतो ते दाखवा आजोबा, लगेच नकाशावर घेते."

मी उत्तरेच्या भिंतीकडे बोट केले. त्यांनी संगणक माझ्यापुढे धरला. भिंत सलग दिसत होती.

"यंत्र कुणाचं मिंधं नसतं," त्या हसून म्हणाल्या.

मी संतापून त्यांच्या यंत्रावरच घसरलो.

धान्याचे पेव कशाला जपायचे, असे पुढे ठरले. बाग पाहायला येणाऱ्यांच्या गाड्या लावण्यासाठी सोमवारी ढोकीहून मुरुमाचे टिप्पर येतील आणि हौद बुजेल. माझ्या तीन अर्जांना उत्तर नाही. काल सरपंचांना रस्त्यातच अडवले आणि उत्तरेची भिंत हातभर उकरू द्या म्हणालो.

"मोजलेल्या भिंतीला हात लावायचा न्हाय काका, वरून हुकूम हाय."

"आणि बुजवायला?"

"त्याला हाय की!"

चहाच्या टपरीवरची माणसे हसली.

आजवर मी यंत्रावर, नकाशावर, अहवालाच्या भाषेवर भांडलो. एक गोष्ट मात्र अभिमानापायी दडवली. सोमवारनंतर ती सांगून उपयोग नाही. मोजणीचे पाहुणे येणार म्हणून गावाने बाग साफ केली, तेव्हा चुन्यात विटांची भुकटी कालवून, जुन्याशी हुबेहूब जुळेल असा गिलावा मी करवून घेतला. उत्तरेच्या भिंतीचा गिलावा काही केल्या वाळेना, म्हणून तिथे पाझरणाऱ्या नळाच्या तोंडात गोणपाटाचा बोळा मी माझ्या हाताने ठोकला आहे.