डब्यावरचे हात

मंगळवारी सकाळी माझी बायको सुषमा गेली. त्याच दुपारी हरमलच्या दुकानातून फोन आला.

"सर, साटां सोंपलीं. आनीक केन्ना धाडतात?" मॅनेजर दामू विचारत होता.

मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "माफ करात, सर," आणि फोन ठेवला.

साटं म्हणजे फणसपोळी. रसाळ फणसाचा गर काढायचा, चाळायचा, थोडा गूळ घालायचा, तेल लावलेल्या ताटात पसरून उन्हात ठेवायचा. एक थर सुकला की त्यावर दुसरा. नार्व्याला आमच्या घरापुढच्या खळ्यात सुषमा दर मेमध्ये साटं घालायची. आजूबाजूच्या बायका आपापला स्टीलचा डबा घेऊन यायच्या आणि पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीला, भरून न्यायच्या.

मी पॅकेजिंग डिझायनर. डिचोलीत माझं छोटं ऑफिस आहे. खोकी, पाकिटं, लेबलं यांची डिझाइन करतो. हरमलच्या किनाऱ्यावरच्या गिफ्ट शॉपचा मालक विनायक माझा जुना क्लायंट. दोन वर्षांपूर्वी तो काही कामासाठी घरी आला, साट खाल्लं आणि म्हणाला, "सर, हे माझ्या दुकानात पाहिजे. पण बॉक्स असा करा की बघणाऱ्याचा हात आपोआप गेला पाहिजे."

आमच्या धंद्यात याला इम्पल्स म्हणतात. गिऱ्हाईक घ्यायचं ठरवून आलेलं नसतं, दिसलं म्हणून घेतं. अशा वस्तू कॅश काउंटरच्या बाजूला मांडतात. तिथे सगळं काम फ्रंट पॅनलचं, म्हणजे खोक्याच्या दर्शनी बाजूचं.

मी फ्रंट पॅनलवर सुषमाचे हात काढले. गर पसरणारे दोन हात, बाकी सगळा पिवळा रंग. तिच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी मोडून वाकडी जुळली होती. विनायकला ती खटकली.

"सर, ही करंगळी सरळ करूया का?"

सुषमा चहा घेऊन आली होती. "सरळ करा हवी तर," ती म्हणाली. "मग हात दुसऱ्या कुणाचे तरी होतील, साटंही तिच्याकडूनच घ्या."

करंगळी तशीच राहिली. बॉक्स चालला. पर्यटक उचलायचे, फोटो काढायचे, पिशवीत टाकायचे. सुषमा दर वेळी मला विचारायची, "खाऊन कोण काय म्हणालं?" मी दामूला विचारायचो. दामू म्हणायचा, "बॉक्स सगळ्यांक आवडटा, सर." मी घरी येऊन सांगायचो, आवडतं म्हणाले.

ती गेली त्याआधीच्या मेमध्ये तिचं आजारपण सुरू झालं होतं. तरी तिने साटं घातली. ती सगळीच दुकानात गेली. डबे घेऊन आलेल्या बायकांना तिने प्रथमच परत पाठवलं. "पुढच्या वर्षी नक्की," म्हणाली. आम्हीही घरात एक ठेवलं नाही. पुढच्या वर्षी होणारच होती.

दिवसकार्य झाल्यावर विनायकने मला दुकानात बोलावलं. त्याने आधी सुषमाच्या शेवटच्या दिवसांची चौकशी केली, मनापासून केली. मग काउंटरखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत एकसारख्या कापलेल्या पिवळ्या वड्या होत्या.

"सर, बाहेरून मागवल्यात. बघा तरी."

मी एक तोंडात घातली. गोड होती.

"हे साट नाही, विनायक."

"तुम्हाला कळतं, सर. इथे कोणाला कळतंय? दामू, कोण परत येऊन म्हणालं काय, चव बरी आसा म्हणून?"

दामूने मान हलवली. "परत कोण येता? ते प्लेन धरतात."

"मग माझं एक ऐक," मी म्हणालो. "हात काढून टाक. मी दुसरं चित्र करून देतो. त्याचे पैसे घेणार नाही."

विनायकने पिशवी माझ्यापुढे सरकवली. "सर, रागावू नका. हातच तर विकतात."

डिझाइनचे हक्क त्याचेच होते. काम झाल्यावर ते क्लायंटकडे जातात, तसा कागद मीच करतो. त्याला फक्त बॅक पॅनल बदलून हवं होतं. मागच्या बाजूला आत काय आहे ते बारीक अक्षरांत छापावं लागतं. ते दुसऱ्याकडून करून घेतो म्हणाला. मी म्हटलं, मीच करतो. निदान तिथे तरी खरं छापलं जाईल.

ऑफिसात बसून मी फाइल उघडली. 'फणस, गूळ' हे दोन शब्द काढले आणि पिशवीवरची यादी घातली. ती बरीच मोठी होती, अक्षरं आणखी बारीक करावी लागली. फ्रंट पॅनलला हात लावला नाही.

नवे बॉक्स दुकानात लागले. मी दामूला दर आठवड्याला फोन करून विचारत असे, कुणी काही म्हणालं का. कुणी काही म्हणालं नाही. विक्री आधीसारखीच आहे. डिझाइनने पहिल्यांदा माल खपतो, दुसऱ्यांदा खपतो तो चवीने, असं मी क्लायंटना नेहमी सांगत आलो. जिथे दुसरी वेळच नसते तिथे काय, ते मात्र कधी सांगितलं नव्हतं.

मे लागला तेव्हा सर्वणच्या शांताबाय आल्या. सुषमाच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाईक. हातात डबा होता. दारातच थांबल्या, डब्याकडे बघून ओशाळल्या.

"भाऊ, म्हाका खबर आसली. पूण मे म्हयनो लागलो आनी हात आपसूक डब्यार गेलो."

मी त्यांना बसवलं. पाणी दिलं. देण्यासारखं घरात काही नव्हतं, विनायकने नमुन्याला पाठवलेला बॉक्स होता, तोच पुढे केला. त्यांनी लगेच उघडला नाही. कितीतरी वेळ बॉक्सवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"ही करंगळी वयनीची न्हय?"

"हो."

त्यांनी बॉक्स उघडून एक वडी तोंडात घातली आणि पदराआड काढून मुठीत धरली. मला दिसू नये म्हणून. मग उठल्या. "येतें हां, भाऊ. जेवण सोडूं नाकात."

त्या गेल्यावर बघितलं तर डबा तिथेच राहिला होता. झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. न्यायला त्या आल्या नाहीत, पोचवायला मी गेलो नाही.

बॉक्स हरमलला काउंटरपाशी आहे. डबा माझ्या ओट्यावर आहे, रिकामा.