सत्कार नवऱ्याचा, कारकीर्द बायकोची

हे सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. आमच्या घरी हा किस्सा अजून हसत हसत सांगितला जातो आणि त्यात चूक नातीची असते. चूक माझी होती.

मुलाकडे परदेशात, बुकित तिमाहला राहायला आलो, तेव्हा कॉन्डोतल्या गणपतीत बोलायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. आयुष्यभर मास्तरकी केलेली, आवाज खणखणीत. त्या वर्षी कळलं, शेजारच्या ब्लॉकमधल्या नॉर्वेजियन जोडप्यातलं कुणीतरी देशाकडून फुटबॉल खेळलेलं आहे. सत्कार ठरला. आठ वर्षांची नात इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली, "आजोबा, आंटी खेळायची. अंकल नाही, लाह!"

"बरं, बरं," मी म्हटलं. नवरा सव्वासहा फूट, पायांचे नुसते खांब. बायको लहानखुरी, रोज मुलांना स्कूलबसवर सोडणारी. पोरीला काय कळतंय, असं धरून मी भाषण लिहिलं.

आरतीनंतर मी नवऱ्याचे गोडवे गायले, त्याला शाल पांघरली, हातात नारळ दिला. सूनबाईनं त्याच्या बायकोची ओटी भरली. तो बिचारा लाल होऊन माइकवर म्हणाला, "सर, मी अकाउंटंट आहे. खेळाडू ही."

हॉलमध्ये हशा पिकला. "काका, सेल्फ गोल!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळ्यांत जास्त ती हसत होती, ओटीतल्या खणानं डोळे पुसत.

"तुम्हाला सांगितलं कुणी?" सूनबाईनं विचारलं. मी नातीकडे बोट केलं. "हिनंच उलटं सांगितलं."

नातीनं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

शाल बायकोच्या खांद्यावर गेली आणि तिनं माइक घेतला. गावात मुलींचा संघच नव्हता, म्हणून केस कापून मुलांत खेळली. देशाचा पहिला शर्ट मिळाला तो पुरुषांच्या मापाचा, गुडघ्यापर्यंत. रविवारी राष्ट्रगीताला उभी राहायची आणि सोमवारी सकाळी बेकरीत पाव विकायची. गिऱ्हाइकं पाव घेता घेता कालच्या चुका सांगायची. गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली आणि खेळ थांबला. हे सगळं ती इतक्या मजेत सांगत होती, की लोक टाळ्या वाजवायचे थांबेनात.

मग कुणीतरी आणलेला फुटबॉल घेऊन ती अनवाणीच हॉलबाहेरच्या हिरवळीवर उतरली. पैठण्या नेसलेल्या बायकाही मागोमाग. "तू ये," तिनं नातीला बोलावलं. नातीची पहिली किक थेट ढोलावर बसली. धाडकन आवाज झाला, बाईनं तिला उचलून गरकन फिरवलं.

त्यानंतर दर शनिवारी ती कॉन्डोतल्या मुलींना शिकवायची. नात आता शाळेच्या संघात डाव्या बाजूला खेळते. मी प्रत्येक सामन्याला जातो, ओरडून घसा बसवतो.

गेल्या महिन्यात ते जोडपं कायमचं परत गेलं. टॅक्सी निघेपर्यंत नात हात हलवत होती. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. सहा वर्षांत तिनं कुणालाही खरं सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही.

"ऐक ना," मी म्हटलं. "त्या गणपतीत, तू मला सांगितलं होतंस..."

"काय, आजोबा?"

ती माझ्याकडे बघत राहिली. आमचा मजला आला.

"काही नाही. बुटाची नाडी बांध, पडशील."