म्युरिएलची तांबडी रेघ

म्युरिएल मॅकइनिसला साधा प्रश्न विचारायची गावात कुणाची छाती होत नसे. 'चहात साखर बरोबर आहे का?' असं कुणी विचारलं, तर ती गंभीरपणे म्हणे, "कशाच्या तुलनेत?" लग्नाआधी क्लेरन्सनं तिला मागणी घातली तेव्हा ती "सध्याच्या माहितीवरून तरी हो" म्हणाली होती. तो बिचारा अजून तेवढ्यावरच खूश आहे.

कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटाच्या पूर्व टोकाला निम्मं गाव शिंपल्यांवर जगतं, आणि म्युरिएलचा सगळा उमेदीचा काळ त्याच शिंपल्यांतलं विष शोधण्यात गेला. एखाद्या हंगामात समुद्रातलं शेवाळ बिघडतं, शिंपला ते मजेत खातो, स्वतः टुणटुणीत राहतो आणि खाणाऱ्याला आडवं करतो. उकळून ते विष जात नाही. प्रयोगशाळेतलं अवाढव्य यंत्र निकाल द्यायला दिवसचे दिवस घेई. बोटाएवढ्या पट्टीनं तेच काम घटकाभरात व्हावं, असं म्युरिएलनं डोक्यात घेतलं. पट्टीवर विषाला नेमके धरणारे रेणू बसवायचे. विष असलं की तांबडी रेघ उमटणार. ऐकायला सोपं. तिचे केस पांढरे झाले तेव्हा कुठे रेघ उमटायला लागली, आणि नेमकं तेव्हाच संशोधनाचं अनुदान आटलं. प्रयोगशाळेतल्या तिच्या खोलीत आता कॉफीचं मशीन आहे. पट्ट्यांचं खोकं काखोटीला मारून बाई घरी आल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरून एका कॉलेजसाठी ऑनलाइन रसायनशास्त्र शिकवू लागल्या.

विद्यार्थी देशभरातले. युकॉनमधली नर्स, सस्कॅचेवानचा ट्रकवाला, न्यूफाउंडलंडची एक आजी. हौसेनं यायचे आणि अर्ध्यातून गळायचे, कारण म्युरिएल प्रत्येक प्रयोगाआधी कोरी चाचणी करून दाखवायची. म्हणजे तेच पाणी, तीच नळी, तशीच पट्टी, फक्त शिंपला घालायचा नाही. रेघ येता कामा नये. आलीच, तर घोळ शिंपल्यात नाही, आपल्या भांड्यात आहे. काहीही न होण्याचा हा कार्यक्रम ती अर्धा तास रंगवून सांगे.

शेवटी कॉलेजच्या ऑनलाइन विभागातल्या बाईंचा फोन आला. "म्युरिएल, लोक कंटाळून पळतात हो. जरा चटपटीत करा ना. ते नुसत्या पाण्याचं वगळलं तर नाही का चालणार?"

चालणार नाही, हे म्युरिएलला पक्कं ठाऊक होतं. पण वर्ग रिकामा होताना बघणंही सोपं नसतं. ती "बघते" म्हणाली, आणि तिथेच फसली.

त्या शनिवारी दुपारी तिचा वर्ग होता आणि संध्याकाळी अग्निशमन दलाच्या हॉलवर गावजेवण. जेवणाचे शिंपले तिच्या धाकट्या भावाचे, एल्मरचे. खाडीत दोर सोडून तो शिंपले वाढवायचा. त्यातलेच मूठभर त्यानं तिला वर्गासाठी आणून दिले. "नाव घे हं माझं," तो म्हणाला. "फुकटची जाहिरात सोडणार नाही मी."

तिनं नाव घेतलं. शिंपले वाटले, पाण्यात कालवले, गाळले, नळीत भरले, कोरी चाचणी वगळून थेट पट्टी बुडवली. आणि साऱ्या देशादेखत ठसठशीत तांबडी रेघ उमटली.

हॉलवर एल्मर चुलीपाशी उभा राहून फोनवर हेच बघत होता. त्याच्या खांद्यावरून निम्मं गावही बघत होतं. म्युरिएलनं वर्गाला थांबायला सांगितलं आणि त्याला फोन लावला.

"एल्मर, पातेली उतरव. कुणाला खाऊ देऊ नकोस."

"तुझी पट्टी आंधळी झालीय का गं? सरकारी तपासणीत पास झालेत हे!"

"तो नमुना गेल्या आठवड्याचा होता. समुद्र तेव्हापासून झोपलाय का?"

"अगं, सगळा गाव काटे-चमचे घेऊन बसलाय इथे!"

"बसू दे. चमच्यानं कुणाला विषबाधा होत नाही."

एल्मरनं फोन आपटला. रेघ खरी असली तर भावाचा हंगाम बुडाला, आणि खोटी असली तर तिचं आयुष्यभराचं काम. विभागाच्या बाईंचा निरोप आला, 'आता आवरतं घ्या.' तिनं आवरलं नाही. सगळ्यांसमोर दुसरी नळी घेतली, त्यात नुसतं पाणी घातलं, पट्टी बुडवली.

पुन्हा तांबडी रेघ! शिंपला नाही आणि विष आहे!

"नळ्या बघ कशा चमकतायत," दारातून क्लेरन्स अभिमानानं म्हणाला.

ती सावकाश वळली. "कशानं धुतल्यास?"

"लोणच्याचं व्हिनेगर होतं ना, त्यात बुडवून ठेवल्या. लोकांना डाग दिसायला नकोत तुझे. बाहेरून पुसल्याही."

"आणि आतून?"

क्लेरन्स एका नळीत डोकावून बघू लागला. आंबटाचे चार थेंब लागले की पट्टीवरचे रेणू बिथरतात आणि नसलेलं विष धरून बसतात. म्युरिएलनं नळ्या खळखळून धुतल्या. पुन्हा कोरी चाचणी, रेघ नाही. मग शिंपले, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. रेघ नाही. वर्गातून एकही जण हलला नव्हता. ट्रकवाल्यानं विचारलं, "बाई, हे नुसत्या पाण्याचं आधीच का नाही केलंत?"

"कारण मी तुम्हा सगळ्यांना आवडावं असं वाटलं मला," म्युरिएल म्हणाली आणि वर्ग संपवला.

एल्मर फोन उचलेना. क्लेरन्सनं गाडी काढली. हॉलमध्ये लोक बटाटे आणि केक खात होते आणि पातेल्यांकडे पाठ करून बसले होते. एल्मरनं तिच्याकडे बघितलंही नाही.

"शिंपले चांगले आहेत, एल्मर."

"मला काय सांगतेस? त्यांना सांग. नाव तू घेतलंयस माझं."

म्युरिएल खुर्चीवर चढली. "आजच्या चाचणीच्या मर्यादेत," तिनं सुरुवात केली आणि सगळा हॉल कण्हला. ती थांबली. "चूक माझी आहे. शिंपल्यांत काही नाही. घाई मी केली, आणि नाव माझ्या भावाचं गेलं."

कुणी टाळी वाजवली नाही, कुणी उठलंही नाही. गावाचं असंच असतं; संशय यायला क्षण पुरतो, जायला पिढी लागते. म्युरिएल खाली उतरली, पुढच्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, "वाढ मला."

एल्मरनं वाडगा भरून आणला. तिनं पहिला शिंपला खाल्ला, मग दुसरा. ती कधी कोसळते याची सगळे वाट बघत होते. ती कोसळली नाही. अग्निशमन दलाचे म्हातारे प्रमुख उठले आणि ताट घेऊन पातेल्यापाशी गेले, त्यांच्यामागे आणखी दोघं, आणि मग रांग लागली.

एल्मर तिच्यासमोर बसून राहिला. वर्षानुवर्षं शिंपले वाटून वाटून म्युरिएलला त्यांचा वासही सहन होत नसे. नुसती पातेली उघडली तरी तिला मळमळायचं. ही गोष्ट त्या हॉलमध्ये ती, क्लेरन्स आणि एल्मर सोडून कुणालाच माहीत नव्हती. तिच्या कपाळावर घाम आला होता. एल्मर पुढे वाकून हळूच म्हणाला, "पुरे आता, म्युरिएल."

"गप्प बस," ती म्हणाली आणि रिकामा वाडगा त्याच्यापुढे सरकवला. "आणखी वाढ. लोक बघतायत."