अडीचचं ताट

बस डेपोच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाईला सगळे अक्का म्हणायचे. सख्खा धाकटा भाऊ म्हणायचा म्हणून ड्रायव्हर म्हणायला लागले, आणि ड्रायव्हर म्हणतात म्हणून मॅनेजरसुद्धा. पहाटे पाचला यायची, शंभर माणसांचा स्वयंपाक अकराच्या आत उरकायची आणि बाराच्या ठोक्याला घरी. वीस वर्षं हाच नेम. तिच्या हाताला चव होती यात वाद नाही. पण ती आहे हे बाईला जरा जास्तच ठाऊक होतं, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

धाकटा त्याच डेपोत बस चालवायचा. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि अक्का सोळाची. जेवायला बसवलं की हा रिकामं ताट दोन्ही हातांत धरून गरागरा फिरवायचा आणि तोंडानं हॉर्न वाजवायचा. अक्का घास पुढे करून "थांबा आला, थांबा आला" म्हणायची, तेव्हा कुठे गाडी थांबून तोंड उघडायचं. असा एकेक घास भरवून वाढवलेला भाऊ. मोठेपणी खरं चाक त्याच्या हातात आलं त्या दिवशी ती डेपोच्या फाटकाशी उभी राहून रडली, आणि कुणी विचारलं तर डोळ्यात धूळ गेली म्हणाली.

त्या वर्षीच्या तपासणीत धाकट्याची साखर चढलेली निघाली, आणि थोडीथोडकी नव्हे. डेपोच्या डॉक्टरीणबाई आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या. गोळ्या द्यायच्या त्या देतेच, म्हणाल्या, पण जेवणही बदला. पांढरा भात आणि मैद्याचा पाव सोडा, अख्खं धान्य, डाळी, पालेभाज्या खा. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. साखर उतरली नाही तर चाक सोडून टायरच्या गोदामात बसायचं. पाठीमागे पन्नास माणसं बसलेली असताना ड्रायव्हरला भोवळ आली तर काय, असं त्यांनी विचारलं.

गोदामाचं नाव ऐकून धाकट्याचा चेहरा उतरला. अख्खं धान्य ऐकून तर पारच उतरला. ते गुरांना घालतात, म्हणाला.

अक्कानं कंबर कसली. भाऊ एकटाच थोडा होता, निम्म्या डेपोची पोटं स्टिअरिंगला टेकायला आली होती. तिनं मॅनेजरला गाठून भाताच्या डब्याशेजारी दुसरा डबा मांडायची परवानगी काढली. रात्री भिजवलेले अख्खे गहू, जव आणि मसूर, वरून लसूण, कांदा, पालक. दहा वाजता पातेलं उतरलं की वाटीभर स्वतः चाखायची आणि मान डोलवायची. वा! काय कमी आहे यात?

कमी काही नव्हतं, पण उरायचं मात्र सगळं. सकाळी आली की आदल्या दिवशीचं उष्ट्याचं पिंप बघायची, तर त्यात तिचे गहूच गहू. धाकटा म्हणे, तो रोज खातो. खोटं बोलायची अक्कल त्याला लहानपणीही नव्हती. खिशातून मैद्याच्या बिस्किटाचा कागद डोकावत होता. अक्काला असा संताप आला! या मेल्यांच्या जिभेला वळणच नाही, फुकट लाड करून ठेवलेत एकेकाच्या बायकांनी, असं ती चुलीपुढे बडबडत राहिली. मग मीठ वाढवलं, तिखट वाढवलं, तेल वाढवलं. पिंप तसंच. होता होता तीनातला एक महिना गेला. भावाचं चाक जाणार आणि ते आपल्या हातच्या अन्नामुळे जाणार, अशी तिला धास्ती बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं वाढप्याला धरलं. हा म्हातारा कमी बोलायचा. दुपारी जेवण वाढायचं, डबे धुवायचे आणि निघायचं. कुणी काही बोलतं का, तिनं विचारलं. म्हाताऱ्यानं पळी ठेवली.

"अक्का, तू कधी अडीचचं जेवलीस का?"

नव्हती जेवली. वीस वर्षांत एकदाही नाही. कँटीनची शेगडी नियमानं अकराला बंद, ती बाराला घरी. ड्रायव्हर मात्र गाडी येईल तसे येणार, धाकट्याची गाडी तर अडीचला. तोवर जेवण गरम पाण्यावर ठेवलेल्या डब्यात, वर घट्ट झाकण.

त्या दिवशी ती घरी गेलीच नाही. अडीचला ड्रायव्हरांच्या बाकावर जाऊन बसली आणि स्वतःचंच धान्य वाढून घेतलं. दहाला मोत्यासारखा सुटा असलेला दाणा वाफेवर फुगून फुटला होता. गव्हाची खळ झाली होती, पालक काळा पडला होता, लसणाला ओल्या फडक्याचा वास येत होता. भाताचं एवढं बिघडत नाही, तो बिचारा वाफ सोसतो; हे धान्य सोसत नाही. तिनं ताट संपवलं. शेवटच्या घासापर्यंत संपवलं, शिक्षा म्हणून. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हा असा. महिनाभर पोरांच्या जिभेला शिव्या घातल्या आणि त्यांचं ताट काही चाखलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अक्काचा स्वयंपाक उलटा झाला. भिजवलेला दाणा भरपूर पाण्यात मीठ घालून उकळायचा, दाताला जरा लागतोय तोच उपसायचा आणि मोठ्या परातींत पसरून थंड करायचा. वाफेचं तोंडही बघू द्यायचं नाही. दाणाही एकदम सगळा उकळायचा नाही, दोन खेपांत, म्हणजे उशिराच्या माणसाला शिळं लागू नये. आणि गाडी फाटकात आली की मोठ्या कढईत थोडं तेल, ठेचलेला लसूण खरपूस, मूठभर तीळ, मग दाणा चरचरीत परतायचा. पालक अगदी शेवटी. ताटात वाढल्यावर लिंबू आणि कच्चा कांदा.

यासाठी तीनपर्यंत शेगडी हवी होती. मॅनेजरनं नियम दाखवला. अक्कानं त्याच्यापुढे ताट ठेवलं, अडीचचं, डब्यातलं. त्यानं दोन घास खाल्ले, पाणी प्यायला आणि एक शेगडी चालू ठेवायला सांगितलं. तीनपर्यंत थांबणार कोण, हा प्रश्नच नव्हता. पाय सुजायचे, संध्याकाळी ती ते गरम पाण्यात घालून बसायची, आणि पहाटे पुन्हा हजर.

पहिल्या आठवड्यात ड्रायव्हर वासानं आले. दुसऱ्यात मागून घ्यायला लागले. धाकटा मात्र नाक मुरडत यायचा, ताट साफ करायचा आणि बरंय म्हणून निघून जायचा. पिंपात गहू दिसेनात, खिशात कागद दिसेनात. अक्का काही बोलली नाही. बोललं की हा बिथरतो, हे तिला सहा वर्षांचा असल्यापासून माहीत.

तीन महिने भरले. धाकटा रिपोर्ट घ्यायला डॉक्टरीणबाईंकडे गेला तो अडीचला आला नाही. तीन वाजले. नेमकी त्याच दिवशी बाहेरच्या डेपोची माणसं आली होती, तीही धान्यावर तुटून पडली. अक्काचा हात कढईत आणि डोळे दाराकडे. गोदामात बसलेला भाऊ तिला दिसत होता, रबराच्या वासात, भिंतीकडे तोंड करून. साडेतीनला शेगडी बंद केली, तरी ती तिथेच उभी राहिली.

पावणेचारला तो आला. तोंड लाल. तिच्याकडे न बघता सरळ परातीकडे गेला, मग कढईकडे. दोन्ही रिकाम्या.

"माझं कुठंय?" तो म्हणाला.

रिपोर्ट कुठंय, तिनं विचारलं. तो भुकेनं आणि रागानं धुमसत होता. सकाळपासून रांगेत उभा होता म्हणे, आणि इथे परक्या डेपोची माणसं त्याचं जेवण खाऊन गेली, हा काय न्याय झाला? मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. मांडणीवरचं एक रिकामं ताट उचललं, दोन्ही हातांत धरलं आणि हळूच डावीकडे वळवलं.

"आहे चाक हातात. आता वाढ की काहीतरी."

अक्कानं शेगडी पुन्हा पेटवली. तिचं स्वतःचं ताट झाकून ठेवलेलं होतं, त्यातलंच धान्य तिनं कढईत टाकलं. लसूण टाकला, तीळ टाकले. डोळे पुसले, आणि धूर झालाय म्हणाली. धूर कुठेच नव्हता.