धोंडजींचा वाघ आणि पहिला खांदा

आमच्या मूळपुरुषाबद्दल घरात फारशी माहिती नव्हती, पण अब्रू होती. मी माहिती काढली आणि अब्रू घालवली.

खापरपणजोबा धोंडजी म्हणजे राणीच्या राज्यातला माणूस. पोलादपूरवरच्या आमच्या वाडीत शिमग्याला काळकाईची पालखी निघते, तिला पहिला खांदा आमच्या घराचा. का? तर धोंडजींनी म्हणे एकट्याने वाघ लोळवला होता! (लहानपणी तो एक वाघ होता. मी सांगायला लागल्यापासून दोन झाले.) महाडच्या एमआयडीसीत जन्मभर स्टोअर सांभाळलं, तिथं मला कुत्रं विचारत नव्हतं. पण शिमग्याला पहिला खांदा माझा!

गेल्या शिमग्यात खालच्या आळीतले भिकूतात्या सगळ्यांसमोर म्हणाले, "वसंता, ह्यो मान तुमचा कुणी ठरवला रे? लेखी हाय काय?"

"लेखीच आणतो!" मी गरजलो.

"अहो, चाललंय ते चालू द्या," बायको म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची." पण बायकोचंच ऐकायचं तर रिटायर कशाला व्हायचं?

तलाठी झाला, गुरव झाला, तुडीलची आत्या झाली. (तिनं फणसाची भाजी वाढली. धोंडजींचं नाव ऐकून, "कोण गो बाई ह्यो?" म्हणाली.) शेवटी आमच्याच माळ्यावर चढलो. आधी उंदीर खाली पडला, मग मी पडलो आणि माझ्या डोक्यावर धुरानं काळं झालेलं बांबूचं नळकांडं पडलं. आत मोडीतला कागद!

मोडी मला ओ की ठो कळत नाही. महाडात मोडी वाचणारे एक गुरुजी आहेत, त्यांच्याकडे धावलो. त्यांनी "पहिला खांदा धोंडजी यांनी..." इतकं वाचलं आणि मी कागद ओढून घेतला.

"बस्स! पुढचं गावासमोर!"

"अहो, पुढं काय आहे ते तरी बघू द्या."

"नको! मजा जाते."

रविवारी देवळात गावकी बसली. मुंबईकर मंडळी व्हिडिओ कॉलवर, मोबाइल घंटेला टांगलेला. मी फेटा बांधून सर्वांत पुढे. गुरुजींनी चष्मा पुसला.

"'काळकाईचे पालखीस पहिला खांदा धोंडजी यांनी द्यावा...'"

"ऐका! ऐका!" मी ओरडलो.

"हॅलो, आवाज येत नाय!" घंटा बोलली.

"गुरुजी, मोठ्याने! मुंबईपर्यंत गेलं पाहिजे!"

गुरुजींनी आवाज चढवला, "'...खालचे आळीत मयत झाल्याकारणें, सुतक फिटेपावेतो, या सालापुरता!'"

खालच्या आळीची भावकी वेगळी, त्यांचं सुतक आम्हाला लागत नाही. म्हणून त्या एका वर्षी मान त्यांनी आमच्याकडे नुसता सांभाळायला दिला होता. एमआयडीसीच्या भाषेत, रिलीव्हर आला नाही म्हणून आमचं घराणं पाच पिढ्या ओव्हरटाइम करत होतं!

"आणि वाघ?" मी हळूच विचारलं.

"वाघ नाही."

"एकही?"

"एकही नाही."

"वसंतदादा, दहा दिवसांचं सुतक आज फिटलं रे!" घंटा खदाखदा हसली. आता मात्र आवाज लख्ख येत होता!

भिकूतात्या हसले नाहीत. कागद कपाळाला लावून म्हणाले, "माझा बा ह्यो मान मागत मागत गेला रे." म्हाताऱ्याचे डोळे भरले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा फेटा काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला.

यंदाच्या शिमग्यासाठी तात्यांनी नवं धोतर आणलं. आणि पालखीच्या आदल्या दिवशी मुंबईला त्यांच्या सुनेला मुलगा झाला. सोयर! दहा दिवस देवाला शिवायचं नाही. तात्या पेढे घेऊन आले. चेहरा निम्मा हसरा, निम्मा रडका.

"वसंता, यंदा खांदा तूच दे. पण सालापुरता हां! लिहून दे."

लिहून दिलं, सही केली. संध्याकाळच्या आत तात्यांनी महाडहून लॅमिनेशन करून आणलं आणि देवळात खिळ्याला लावलं. पुढेमागे माझा एखादा खापरपणतू मूळपुरुष शोधायला निघाला, तर त्याला माळ्यावरून पडायला नको. देवळात शिरल्या शिरल्या भेटेन.

फक्त सहीखाली बारीक अक्षरात मी एक वाघ घालून ठेवलाय. एकच!