श्रमदान

राजवाड्याच्या पायरीवर वहिनीसाहेबांनी माझ्या हातात झाडू दिला.

"उशीर केलास. लोक यायच्या आत अंगण झाडून घे."

मी ग्रामपंचायतीची निवडून आलेली सदस्य. कार्यक्रमाची पत्रिका माझ्या पिशवीत होती. तिच्यावर माझं नाव छापलेलं. बोईसरच्या कंपनीत पाळी बदलून घेऊन, इस्त्रीची साडी नेसून आले होते. तरी झाडू घेतला. अंगण झाडलं. कोपऱ्यातली आंब्याची पानंसुद्धा गोळा केली.

राग यायला हवा होता. आला नाही. पाड्यावरची बाई राजवाड्यात कशाला येते, हे त्यांना जसं ठाऊक होतं तसं माझ्या हातांनाही ठाऊक होतं.

मग हात धुऊन मी मागच्या खुर्चीत बसले. मंचावर माझं नाव कुणी घेतलं नाही. राजवाड्याच्या धाकट्या मालकांनी गावाचा इतिहास लिहिला होता, त्याचं प्रकाशन होतं. ते वाचत होते. किल्ला कुणी बांधला, कुणी जिंकला, राजवाड्याचं सागवान कुठून आलं. मग अलीकडचं पान आलं. किल्ल्याचा ढासळलेला बुरूज "आदिवासी बांधवांनी आनंदाने श्रमदान करून" पुन्हा उभारला.

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

तो बुरूज उभा राहताना मी पाहिलाय. लहान होते. भात कापणीला आलं होतं. राजवाड्याचा माणूस पाड्यावर आला, घरटी एक गडी चला म्हणाला. आमची झोपडी त्यांच्या जमिनीवर. नाही म्हणायची सोय नव्हती. आमचं भात शेतात लोळलं आणि बाबा गडावर दगड चढवत राहिला. दुपारी मी त्याला भाकरी घेऊन जायची. एके दिवशी माझ्यासमोर दोर सुटला. दगड बाबाच्या पायावर आला.

राजवाड्याचे दिवाणजी धावत आले. आधी दगडाकडे वाकले.

"फुटला नाही ना?"

ते दगडाबद्दल विचारत होते. चौघांनी बाबाला झोळीतून खाली आणलं. पाय कायमचा वाकडा झाला. राजवाड्यातून कुणी बघायला आलं नाही. बुरूज मात्र पावसाळ्याच्या आत पुरा झाला.

कार्यक्रमाहून घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर बांबू सोलत बसला होता. पुस्तकात काय लिहिलंय ते त्याला सांगितलं. त्यानं विचारलं, श्रमदान म्हणजे काय. मी म्हटलं, आपल्या मर्जीनं केलेलं काम.

त्यानं हातातला बांबू बाजूला ठेवला.

"मना कोनी इचारलाच नाय," तो म्हणाला.

मलाही कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही म्हटलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात पंचायतीच्या बैठकीत ठराव आला. पुस्तकातलाच मजकूर फलकावर कोरून किल्ल्याच्या वाटेवर लावायचा. सगळ्यांनी सह्या केल्या. रजिस्टर माझ्यापुढे आलं. मी 'श्रमदान' शब्दावर बोट टेकवलं आणि पेन खाली ठेवलं.

सरपंच समजावू लागले. गावाचं नाव होईल, पर्यटक येतील, एका शब्दासाठी कशाला अडायचं. मी ऐकून घेतलं. मग ग्रामसेवकांना म्हटलं, "माझा विरोध लिहा."

"कारण काय लिहू?"

"ते श्रमदान नव्हतं. वेठ होती. माझ्या बापाचा पाय त्यात गेला. असंच लिहा."

त्यांनी सरपंचांकडे पाहिलं. मी म्हटलं, लिहिल्याशिवाय मी उठणार नाही. बाकीचे चहा प्यायला गेले. मी बसून राहिले. शेवटी त्यांनी लिहिलं. मी दोनदा वाचलं आणि त्याच्याखाली सही केली.

ठराव बहुमतानं मंजूर झाला. फलक लागला. शाळेची मुलं तो मोठ्यानं वाचत गडावर चढतात.

आता सुट्टीच्या दिवशी मी पाड्यापाड्यांवर जाते. दगड वाहिलेली जी माणसं अजून जिवंत आहेत, त्यांच्यापुढे बसते. वही काढते. काही बोलतात, काही घाबरतात, काही नुसते हात दाखवतात. सगळं लिहून घेते. पुढच्या ग्रामसभेला मी या सगळ्यांना घेऊन जाणार आहे, बाबाला पाठीवर न्यावं लागलं तरी. ते एकेक करून बोलतील. आणि तो फलक आम्ही आमच्या हातांनी उतरवू.